पाठीतलं पाणी

"हे यांच्या पाठीतलं पाणी," ती बाई म्हणाली. "सांडू दिलं नाही मी."

प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिनं हात आत घातला होता. मुठीत पदराचं टोक आणि त्यात गुंडाळलेली काचेची नळी. वॉर्डातला शिपाई जागेवर नव्हता, म्हणून डॉक्टरांनी नळी तिच्याच हाती दिली होती आणि बजावलं होतं, लगेच पोचवा, वेळ घालवू नका. ती पळतच आली असावी, कारण बोलताना तिला धाप लागत होती. मी नळी घेतली तेव्हा ती कोमट होती.

"बसू का मी इथं? कळेपर्यंत?"

"नको. सोमवारी कागद वॉर्डात येईल," मी म्हणाले.

जानेवारी १९८३. शनिवार. भिंतीवरच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते. शनिवारी आमची प्रयोगशाळा एक वाजता बंद व्हायची आणि वसमतची बस सव्वाला सुटायची. माझ्या धाकट्या बहिणीला पहिला मुलगा झाला होता, त्याचं त्या संध्याकाळी बारसं होतं. पिशवीत मी विणलेलं पिवळ्या लोकरीचं टोपडं होतं. दोन महिने विणत होते ते.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागून तीन वर्षं झाली होती. खिल्लारेंच्या घरात सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच. त्या प्रयोगशाळेवर माझा जीव होता. उंच छत, लाकडी स्टुलं, रंगद्रव्यांचे जांभळे डाग पडलेलं दगडी बेसिन, आणि पूर्वेच्या खिडकीशी मायक्रोस्कोप. त्याला दिवा नव्हता, खाली आरसा होता. सकाळचं ऊन आरशात धरून नळकांड्यातून वर पाठवायचं. ढग आले की आमचं काम थांबायचं. डॉ. मिस्कीन, आमचे प्रमुख, म्हणायचे, "प्रमिलाबाई, आपण शेतकऱ्यासारखे आहोत. आभाळाकडे बघून काम करायचं."

रक्त, लघवी, थुंकी हे माझ्या हाताखालचं झालं होतं. पाठीतलं पाणी मात्र महिन्याकाठी एखादंच यायचं. मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात जे पाणी खेळत असतं, ते. माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही, पण मेंदूला काही झालं तर त्याची खूण या पाण्यात उतरते. त्यातल्या पेशी मोजायच्या, साखर बघायची, प्रथिनं बघायची. आणि हे तासाभरात करायचं, कारण शरीराबाहेर आल्यावर त्या पेशी विरायला लागतात. हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी.

नळी उजेडाकडे धरली. पाणी निवळशंख. एवढ्या स्वच्छ पाण्यात काय असणार, असं मनात आलं. मी ती फ्रिजमध्ये ठेवली, हात धुतले आणि बस गाठली.

बारसं छान झालं. टोपडं बाळाला जरा मोठंच झालं, त्यावर सगळे हसले.

सोमवारी सकाळी मोजणीच्या काचेवर थेंब सोडून पाहिलं. पांढऱ्या पेशी शोधून शोधून दोनच सापडल्या. मधेमधे काही बारीक गोल दिसले, चमकत्या कडांचे. हातमोज्यांना लावतात ती पावडर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. प्रथिनं थोडी जास्त, साखर थोडी कमी. शिळ्या पाण्यात असं व्हायचंच, हेही मीच सांगितलं स्वतःला. कागदावर लिहिलं, पेशी नगण्य. डॉ. मिस्कीन बाहेरगावाहून नुकतेच परतले होते. ढिगातल्या बाकी कागदांबरोबर त्याच्यावरही त्यांनी सही केली. नळी मी धुवायला टाकली.

पुढचे दहा दिवस तो पेशंट माझ्या डोक्यातही नव्हता.

प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी काम कमी होतं. डॉ. मिस्कीनांचं पुस्तकांचं कपाट वाळवीसाठी बघायचं राहिलं होतं, म्हणून मी पुस्तकं काढून फडक्यानं पुसत बसले. एक जाडजूड चित्रांचं पुस्तक हातातून निसटून जमिनीवर उघडं पडलं. उचलताना पानाकडे लक्ष गेलं. पानावर गोल होते. बारीक, चमकत्या कडांचे.

मी ते पान उघडं धरूनच डॉक्टरांच्या टेबलाशी गेले.

"सर, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पान डोळ्यांजवळ धरलं. "क्रिप्टोकॉकस. बुरशी आहे एक. श्वासातून आत शिरते आणि क्वचित कुणाच्या मेंदूच्या आवरणात जाऊन बसते. हळूहळू काम करते. माणसाचं डोकं दुखतं, मग तो विसरतो, बडबडतो, लोक म्हणतात वेड लागलं. मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिली. आपल्याकडे कुठं दिसायला."

"मला दिसली."

"कधी?"

"मागच्या सोमवारी नाही, त्याच्या आधीच्या. पाठीतल्या पाण्यात. मला पावडर वाटली."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर आणला. "पाणी कधी काढलेलं?"

"शनिवारी. मी फ्रिजमध्ये ठेवलं होतं."

"नळी आहे?"

"धुतली."

त्यांनी पुस्तक मिटलं. रागावतील म्हणून मी उभी होते. पण ते उठून नोंदवही घेऊन आले आणि त्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "सही माझी आहे इथं. न बघता केलेली. चला."

पेशंटचं नाव रंगनाथ पांचाळ. वय बेचाळीस. गावातल्या हायस्कूलमधले चित्रकलेचे शिक्षक. दवाखान्याचे फिजिशियन डॉ. हाश्मी यांनी तेव्हा त्यांच्या पाठीतलं पाणी काढलं होतं. आम्ही डॉ. हाश्मींच्या खोलीत शिरलो तेव्हा ते चहा पीत होते. डॉ. मिस्कीनांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं, माझं नाव घेतलं, स्वतःचंही घेतलं. डॉ. हाश्मी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर, टेबलावर.

"पांचाळ सर मागच्या इमारतीत आहेत," ते म्हणाले. "तुमचा कागद आला, मेंदूत काही नाही म्हणून. मग मी त्यांना मनोविकाराच्या वॉर्डात पाठवलं. ते डॉक्टर शुक्रवारी येतात बाहेरून. उद्या शुक्रवार. उद्या त्यांना विजेचा शॉक द्यायचं ठरलंय."

"दिला तर?" मी विचारलं.

"आत दाब वाढलेला असेल तर माणूस टेबलावरच जाईल."

मागची इमारत म्हणजे बुटक्या भिंतीच्या आत एक लांबट वॉर्ड आणि पुढे व्हरांडा. व्हरांड्यात पांचाळ सर गुडघे पोटाशी घेऊन, डोकं दोन्ही हातांत गच्च धरून बसले होते. दाढी वाढलेली. शेजारी ती बाई. तिनं मला लगेच ओळखलं.

"तुम्हीच ना? खिडकीतल्या?"

तिचं नाव यमुनाबाई. सरांना काय काय झालं ते तिनं त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, डॉ. हाश्मी बारीक बॅटरीनं सरांच्या डोळ्यांत बघत असताना. दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं. मग चिडचिड. कधी मुलांवर हात न उगारलेला माणूस, एका पोराला पट्टीनं बडवून आला. मग म्हणायला लागले, हेडमास्तर देशमुख माझ्या डब्यात विष घालतात. शाळेतून घरी येताना रस्ता चुकायला लागले, आणि एकदा वर्गात फळ्यासमोर खडू धरून तासभर नुसते उभे राहिले.

"सगळे म्हणतात डोकं फिरलं," ती म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगते, यांचं डोकं फिरलं नाही, दुखतंय. कुणी ऐकत नाही."

"सरांचा कबुतरांशी काही संबंध?" डॉ. हाश्मींनी अचानक विचारलं.

"कबुतरं? घरी नाहीत." ती थांबली. "शाळेच्या माळ्यावर आहेत ढीगभर. दिवाळीच्या सुटीत यांनी तो माळा झाडून काढला. चित्रांसाठी खोली करायची होती. आठ दिवस झाडत होते, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पांढरे होऊन यायचे."

दोघा डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉ. हाश्मी मला हळूच म्हणाले, "ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. आणि सरांच्या डोळ्यांच्या मागं सूज आहे. शॉक मी थांबवतो. पण औषध सुरू करायला खात्री पाहिजे. ते औषध मूत्रपिंडं खातं, अंदाजानं देता येत नाही. पाणी पुन्हा काढावं लागेल."

मग त्यांनी ते यमुनाबाईंना सांगितलं.

"नाही," ती म्हणाली.

"वहिनी, एकच सुई आहे."

"तेव्हाही एकच होती. माझ्या दिरानं सांगितलं होतं, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लंगडा होतो, सही करू नको. मी केली. तुमच्या कागदावर आलं, काही नाही. मग आता पुन्हा कशाला? उद्या शॉक देऊन बरे होतील म्हणालेत ते डॉक्टर. त्यांचं ऐकते मी."

"शॉक देऊन नाही चालणार," डॉ. मिस्कीन म्हणाले. "कधीकधी तपासणी पुन्हा करावी लागते, बाई. तशी पद्धत असते."

"कसली पद्धत? माणूस आहे का बोअर आहे? लागलं पाणी, नाही लागलं, पुन्हा खोदा!"

डॉ. हाश्मींनी अर्धा तास समजावलं. तिनं सहीचा कागद दोनदा परत केला. शेवटी ती सरांच्या खांद्यावर हात टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही अंगणात आलो.

"सायंकाळपर्यंत पुन्हा विचारू," डॉ. हाश्मी म्हणाले.

"सर, मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

"काय सांगणार?"

"खरं काय ते."

डॉ. मिस्कीन म्हणाले, "प्रमिलाबाई, त्यांना एवढंच कळणं पुरे आहे की तपासणी पुन्हा हवी. बाकीचं सांगायला पाहिजेच असं नाही. त्यांचा दीर आहे, शाळेचे लोक आहेत. उद्या तुमच्या नोकरीवर येईल. तुमच्या घरी आणखी कोण कमावतं?"

"कुणी नाही."

"मग?"

मग काय, हे मलाही माहीत नव्हतं. फार धीराची होते अशातला भाग नाही. पण ती बाई सगळ्यांवर विश्वास ठेवून चुकत होती, आणि ती चूक माझ्या कागदामुळे होत होती. तो कागद खोटा आहे हे सांगितल्याशिवाय ती दुसऱ्या कागदावर सही कशी करणार? मी व्हरांड्यात परत गेले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले.

"वहिनी, तो कागद चुकीचा होता."

तिनं मान वळवली.

"तुम्ही नळी आणून दिलीत तेव्हा मी ती लगेच तपासायला पाहिजे होती. नाही तपासली. फ्रिजमध्ये ठेवून गावी गेले. सोमवारी बघितली तेव्हा त्यातलं बरंचसं विरून गेलं होतं. जे उरलं होतं ते मला दिसलं, पण मी ते नीट बघितलं नाही. 'काही नाही' असं लिहून टाकलं. सरांच्या मेंदूत आजार आहे. तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं."

सर मधेच कण्हले, तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गरम होती ती नळी," ती म्हणाली. "मी मुठीत धरून आणली होती."

"हो."

"मी म्हणाले, बसू का इथं. तुम्ही म्हणालात, नको."

"हो."

"कशाला गेला होता गावी?"

"बहिणीच्या बाळाचं बारसं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या देईल, केस धरील, काहीही करील असं वाटत होतं. मनातून मला तेच हवं होतं.

"काय नाव ठेवलं?" तिनं विचारलं.

मला एकदम रडू फुटलं. "मिलिंद," मी कसंबसं म्हणाले.

"रडू नका. मला वेळ नाही रडं बघायला." तिनं हात पुढे केला. "आणा तो कागद. पण या वेळी मी तिथंच उभी राहणार. पाणी निघतंय तिथंही आणि तुम्ही बघताय तिथंही. मला हाकलायचं नाही."

डॉ. हाश्मींनी बारीकात बारीक सुई घेतली. सरांना कुशीवर झोपवलं, गुडघे छातीशी. यमुनाबाईंनी त्यांचं डोकं कवेत धरलं होतं आणि कानात काहीतरी सांगत होत्या. पाणी आलं ते थेंबाथेंबानं नाही, धारेनं आलं; आतला दाब तेवढा होता. डॉक्टरांनी ते हळूहळू, बोटानं अडवत अडवत घेतलं. सर म्हणाले, "हलकं वाटतंय." कित्येक दिवसांत ते पहिल्यांदा धड बोलले होते.

नळी मी मुठीत धरली आणि पळाले. माझ्यामागे यमुनाबाई, त्यांच्यामागे डॉ. मिस्कीन. साडेतीन वाजले होते. ऊन पश्चिमेला गेलं होतं, म्हणून मायक्रोस्कोप उचलून आम्ही मागच्या दारात, उंबऱ्याशी स्टुलावर आणला. आरशात ऊन धरलं. पेशी मोजल्या, एकशे चाळीस. पाचच्या वर असू नयेत. आणि त्यांच्यामधे ते गोल.

"हीच का?" डॉ. मिस्कीन पुटपुटले. "बुरशी म्हणून ठाम सांगायचं तर हिला काळ्या शाईत बघायला हवं. हिच्याभोवती जाड वेष्टन असतं, त्यात शाई शिरत नाही. पण ती शाई आपल्याकडे कुठली! दौतीतली नाही चालणार. चित्रं काढायला लागते ती, दाट, काळीभोर."

"आमच्या घरी आहे," यमुनाबाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"यांच्या कपाटात. तीन बाटल्या आहेत. मी आणते."

त्यांचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर होतं. त्या वीस मिनिटांत जाऊन आल्या, अनवाणी, कारण चपला व्हरांड्यात राहिल्या होत्या. मी काचेवर पाण्याचा थेंब घेतला, त्यात काडीच्या टोकानं शाई मिसळली, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला.

अमावास्येचं आभाळ असावं असा गडद काळोख होता. आणि त्यात जागोजाग चंद्र लागले होते. प्रत्येक चंद्राभोवती उजेडाचं रुंद, स्वच्छ कडं. इतकं सुंदर काही मी त्या नळकांड्यातून कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी ते सुंदर आहे हे वाटण्याचीही मला लाज वाटली.

डॉ. मिस्कीनांनी पाहिलं. मान हलवली. मग स्टुलावरून उठून म्हणाले, "बाई, तुम्ही बघा."

यमुनाबाई वाकल्या. एक डोळा मिटायला त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी हातानं झाकला.

"खळं पडलंय," त्या म्हणाल्या. "चंद्राला पडतं तसं." आणि जरा वेळानं, "हे आहे होय यांच्या डोक्यात?"

"हेच आहे."

"मग काढा आता ते."

औषध मराठवाड्यात कुठेच नव्हतं. मुंबईला डॉ. हाश्मींच्या ओळखीच्या डॉक्टरांनी ते मिळवून ठेवलं, पण ते थंडच राहायला हवं होतं आणि कुणीतरी जाऊन आणायला हवं होतं. गेले ते हेडमास्तर देशमुख, जे डब्यात विष घालतात असं सर म्हणायचे तेच. बर्फ भरलेला थर्मास मांडीवर घेऊन ते दोन दिवसांनी परतले आणि थर्मास डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पांचाळला सांगू नका मी आणलं म्हणून. घेणार नाही तो."

सहा आठवडे ते औषध सलाइनमधून चाललं. दर वेळी सरांना हुडहुडी भरायची, पलंग खडखडायचा. रोज त्यांचं रक्त मी तपासायचे, आठवड्याला पाठीतलं पाणी. काळ्या आभाळातले चंद्र दर आठवड्याला कमी होत गेले. चौथ्या आठवड्यात दोन उरले, पाचव्यात एकही नाही. सर माणसात आले. मुलांची नावं घ्यायला लागले. हेडमास्तरांना बोलावून त्यांनी माफी मागितली.

आजारात मंदावलेली नजर मात्र पूर्ण परत आली नाही. आतल्या दाबानं नसा चेपल्या होत्या. माणूस आहे हे दिसायचं, पण त्याचे नाक-डोळे दिसायचे नाहीत. भिंत दिसायची, तिच्यावरचं चित्र नाही. मी एकदा धीर करून डॉ. हाश्मींना विचारलं, "बारा दिवस आधी औषध सुरू झालं असतं तर?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "वाचले असते डोळे, किंवा नसते."

त्या उत्तराशी मी आजवर राहते आहे.

माझी नोकरी गेली नाही. यमुनाबाईंनी कुणाजवळ तक्रार केली नाही. डॉ. मिस्कीनांनी नोंदवहीत जुनी नोंद तशीच ठेवून तिच्याखाली लाल शाईनं खरं काय घडलं ते लिहिलं आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.

मार्चमध्ये सर घरी जायला निघाले तेव्हा यमुनाबाईंचा हात धरून प्रयोगशाळेत आले. "खिल्लारेबाई कोणत्या? माझा आजार तुम्ही शोधलात म्हणे." यमुनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी सरांना त्या शनिवारचं काही सांगितलेलं नाही, हे मला कळलं, आणि त्यांनीच नाही सांगितलं तर मी कसं सांगू, असं म्हणून मी गप्प बसले. खरं तर त्या गप्प बसण्यात सुटका होती माझी.

त्यानंतर दर वर्षी मार्चमध्ये त्याच दिवसांत ते दोघं यायचे. फडक्यात बांधलेले धपाटे, डब्यात दही, कधी ओली चटणी. शाळेनं सरांना काढलं नव्हतं. ते मुलांना मातीकाम शिकवायचे, बोटांनी चाचपून. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून ते विचारायचे, "काय दिसतंय आज? सांगा बघू." मी डोळा मायक्रोस्कोपला लावून सांगायचे. आज मलेरिया आहे, लाल पेशीत अंगठी असते तसा. आज एक पेशी आहे, तिचं केंद्र चष्म्यासारखं दोन भागांचं आहे. सर लहान मुलासारखे ऐकायचे. मधेच विचारायचे, "जांभळा कसा? वांग्यासारखा की जांभळासारखा?" मला त्यांच्या त्या प्रश्नांची सवय झाली. वर्षभर काही नवं दिसलं की वाटायचं, हे मार्चमध्ये सरांना सांगू. आणि निघताना दर वेळी ते हात जोडून म्हणायचे, "तुमच्यामुळं मी आहे." त्या वाक्यासाठी मी आठवडाभर आधीपासून मन घट्ट करून ठेवायचे, तरी ते लागायचंच.

अशी चौदा वर्षं गेली. डॉ. मिस्कीन निवृत्त झाले, डॉ. हाश्मी संभाजीनगरला गेले. तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो. प्रयोगशाळेत विजेच्या दिव्याचा मायक्रोस्कोप आला. माझ्या हाताखाली दोन मुली आल्या, त्यांना मी पाठीतल्या पाण्याची नळी टेबलावर ठेवूच द्यायचे नाही. मुठीत घ्या आणि बसा, म्हणायचे.

पंधराव्या वर्षी मार्चमध्ये यमुनाबाई एकट्याच आल्या. कपाळ बघूनच मला कळलं.

"थंडीत गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच. त्रास नाही झाला." त्यांनी फडकं सोडलं. धपाटे होते. "आणू की नको, असं वाटत होतं. पण दिवस आला, हात लागला कामाला."

मी त्यांना पाणी दिलं. सवयीनं मायक्रोस्कोपकडे वळले, काच बसवली, चाक फिरवत राहिले. मग न राहवून विचारलं, "वहिनी, सरांना शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

"काय?"

"तो शनिवार."

"कळलं नाही कसं? मी वॉर्डातच सांगितलं होतं त्यांना. सलाइन चालू असतानाच."

माझा हात चाकावरच राहिला.

"नवऱ्यापासून किती दिवस झाकायचं?" त्या म्हणाल्या. "दोन दिवस जेवले नाहीत. तुम्ही रक्त घ्यायला आलात की भिंतीकडं तोंड करायचे, आठवतं? तुम्हाला वाटलं असेल, दुखतंय म्हणून. मग एक दिवस म्हणाले, ती तुझ्यापुढं येऊन बसली नसती तर तू सही केली नसतीस, आणि मी गेलोच असतो. आणि घरी निघताना म्हणाले, चल, तिला भेटून जाऊ."

"मग मला काही बोलले का नाहीत? चौदा वर्षं?"

"मीही विचारायचे. दर वर्षी इथून घरी जाताना विचारायचे. तर म्हणायचे, ती माझ्याशी बोलते ती सगळी त्या यंत्रात बघून. एकदा मान वर करून माझ्याकडं बघून बोलू दे, मग मीच म्हणतो, बाई, मला ठाऊक आहे, सोडा आता. त्याच्या आधी म्हणालो तर तिला वाटेल, मी हिशेब मागायला येतोय."

"त्यांना एवढं दिसत होतं?"

"आपल्याकडं कुणी बघतंय का नाही, एवढं दिसायचं त्यांना."

हाताखालच्या मुलींपैकी एक काहीतरी विचारायला आली, माझा चेहरा बघून परत गेली. मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. स्टूल फिरवलं आणि यमुनाबाईंकडे तोंड करून बसले. मग मी त्यांना त्या शनिवारचं सगळं सांगितलं, घड्याळात किती वाजले होते इथपासून, पाणी उजेडाकडे धरल्यावर मनात काय आलं इथपर्यंत. त्यांना ते ठाऊक होतं, तरी त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या.

एकदाही मी मान खाली घातली नाही. शेजारचं स्टूल रिकामं होतं.